कमी फिरकीचा ड्रायव्हर : गुरुत्वमध्य, हवा आणि ओली जमीन

गोल्फमध्ये प्रत्येक होलची सुरुवात टीवरून, म्हणजे चेंडू गवतापासून थोडा वर धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंटीवरून होते, आणि लांब होलवरच्या त्या पहिल्या फटक्यासाठी पिशवीतला सर्वांत लांब दांड्याचा व सर्वांत मोठ्या हेडचा जो क्लब बाहेर काढला जातो त्याला ड्रायव्हर म्हणतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या ड्रायव्हरची एक स्वतंत्र उपजात बाजारात स्थिरावली आहे. पिंगचा एलएसटी, टेलरमेड आणि कोब्रा यांचे एलएस, कॅलवेचा ट्रिपल डायमंड, टायटलिस्टचा जीटी४ ही नावे वेगवेगळी असली तरी या सर्व मॉडेलांचा मुख्य हेतू एकच आहे, आणि तो म्हणजे चेंडूला मिळणारी उलटी फिरकी कमी करणे. ही मॉडेले कुशल खेळाडूंसाठी आहेत असे सांगितले जाते. कुशल खेळाडू म्हणजे साधारणतः एक अंकी हँडिकॅपचा खेळाडू, आणि हँडिकॅप म्हणजे मैदानाच्या अपेक्षित फटक्यांपेक्षा, अर्थात पारपेक्षा, त्या खेळाडूला सामान्यतः किती फटके जास्त लागू शकतात याचा आकडा. परंतु हँडिकॅप हा या निवडीतला कच्चा निकष आहे, कारण खेळाडू चेंडू होलपर्यंत किती फटक्यांत पोहोचवतो हे त्यावरून कळत असले तरी त्याच्या ड्रायव्हरवरून निघालेला चेंडू गरजेपेक्षा जास्त फिरतो की नाही, हे त्यावरून मुळीच कळत नाही.

फिरकी मुळात हवी कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे. ड्रायव्हरचा फेस, म्हणजे चेंडूला भिडणारा पृष्ठभाग, किंचित मागे कललेला असतो आणि या कलाच्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. कललेल्या फेसवर चेंडू आदळतो तेव्हा तो पुढे जाता जाता खालच्या बाजूने पुढे व वरच्या बाजूने मागे असा फिरू लागतो. अशा फिरणाऱ्या चेंडूच्या वरून जाणारी हवा वेगाने मागे ओढली जाते, चेंडूमागचा हवेचा प्रवाह खाली वळतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने चेंडूला वर उचलणारे बल मिळते. टेनिसचा फिरणारा चेंडू वळतो हे न्यूटनने १६७२ मध्ये नोंदवले होते, जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मॅग्नस याने १८५२ च्या सुमारास प्रयोगांनी त्याचा अभ्यास केला आणि परिणामाला त्याचेच नाव मिळाले. गोल्फसाठी मात्र खरे काम एडिंबरा विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात केले. नुसत्या प्रक्षेपणाच्या गणिताने चेंडू जितका वेळ हवेत राहायला हवा त्यापेक्षा तो कितीतरी अधिक वेळ राहतो, आणि याचे कारण उलटी फिरकीच आहे, हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी स्पर्धेचा विजेता होता, त्यामुळे प्रयोगाची सामग्री त्यांना घरातच उपलब्ध होती असे म्हणायला हरकत नाही.

उचलणारे बल फुकट मिळत नाही. फिरकी जितकी जास्त तितका हवेचा रोधही जास्त, आणि एका मर्यादेनंतर चेंडू पुढे जाण्याऐवजी वर चढत राहतो, शिखरावर जणू थबकतो आणि उभ्या कोनाने खाली येऊन पडल्या जागी थांबतो. समोरून वारा असेल तर हा दोष आणखी वाढतो, कारण चेंडूच्या दृष्टीने हवेचा वेग वाढल्यामुळे उचल आणि रोध दोन्ही वाढतात. फिरकी फार कमी असेल तर उलट घडते. वर धरून ठेवणारे बल अपुरे पडल्याने चेंडू अर्ध्या वाटेतच गळपटून खाली येतो. या दोन टोकांच्या मधली योग्य फिरकी कोणती, हे चेंडूच्या वेगावर आणि तो ज्या कोनात वर निघतो त्या उड्डाणकोनावर अवलंबून असते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील पुरुष व्यावसायिकांची ट्रॅकमन या रडारयंत्राने प्रसिद्ध केलेली सरासरी अनेक वर्षे क्लबचा वेग ताशी सुमारे ११३ मैल, उड्डाणकोन सुमारे ११ अंश आणि फिरकी मिनिटाला सुमारे २,७०० फेरे अशी सांगितली जात आली आहे. म्हणजे हा चेंडू सेकंदाला ४५ वेळा स्वतःभोवती फिरत असतो. एलपीजीए टूरवरील महिलांचा क्लबचा वेग ताशी ९४ मैलांच्या आसपास, तरी फिरकी २,६०० च्या घरात आणि उड्डाणकोन १३ अंशांच्या वर आहे. कमी वेगाच्या खेळाडूला चेंडू अधिक उंच काढावा लागतो, हा त्यातला सरळ धडा आहे, आणि पुरुष हौशी खेळाडूंपैकी बहुसंख्यांचा वेग टूरवरील पुरुषांपेक्षा या महिलांच्याच जवळ असतो, ही गोष्ट दुकानात सोयीस्करपणे विसरली जाते.

कमी फिरकीचा हा ध्यास एकाएकी आलेला नाही. १९७९ मध्ये टेलरमेडने पोलादी हेडचा ड्रायव्हर बाजारात आणेपर्यंत या क्लबचे हेड पर्सिमन नावाच्या कठीण लाकडाचे असे, आणि त्यानंतर १९९० च्या दशकात टायटॅनियम आले. त्या काळातील उत्तम चेंडू रबरी धाग्याच्या गुंडाळीवर बलाटाचे मऊ आवरण चढवलेले असत व ते ड्रायव्हरवरूनही पुष्कळ फिरत, म्हणून जोरकस खेळाडू कमी लॉफ्टचा ड्रायव्हर घेऊन चेंडू खालून काढत आणि तो फिरकीच्या बळावर हळूहळू वर चढे. २००० साली टायटलिस्टचा भरीव गाभ्याचा प्रो व्ही१ आला आणि हे चित्र पालटले. हा चेंडू ग्रीनजवळच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळच्या, छोट्या फटक्यांत चांगला फिरे, पण ड्रायव्हरवरून कमी फिरे, म्हणून तो अधिक उंच काढून अधिक दूर नेणे शक्य झाले. हेडचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरांपर्यंत आणि फेसची लवचीकताही नियामक संस्थांनी मर्यादित करून ठेवल्यामुळे चेंडूचा वेग वाढवण्याची वाट बरीचशी बंद झाली. निर्मात्यांच्या हाती मग उड्डाणकोन, फिरकी आणि चुकीच्या फटक्याला मिळणारी माफी एवढाच मुलूख उरला. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्था चेंडूची लांबी ज्या चाचणीने तपासतात तीही याची साक्ष देते. जुन्या चाचणीत क्लबचा वेग ताशी १२० मैल आणि फिरकी मिनिटाला २,५२० फेरे धरली जाई. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नव्या चाचणीत वेग १२५ मैल, तर फिरकी २,२२० फेऱ्यांवर आणली गेली.

ड्रायव्हर फिरकी कमी कशी करतो, याचे उत्तर हेडच्या गुरुत्वमध्यात, म्हणजे त्याचे सर्व वजन जिथे एकवटलेले मानता येते त्या बिंदूत आहे. चेंडू आणि फेस यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो, पण तेवढ्या वेळातही चेंडू गुरुत्वमध्याच्या रेषेत लागला नाही तर हेड स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती किंचित वळते. चेंडू रेषेच्या वर लागला तर हेडचा फेस मागे कलतो आणि एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांप्रमाणे चेंडूला उलट दिशेने फिरवण्याचा प्रयत्न करतो. परिणामी चेंडूची उलटी फिरकी कमी होते आणि फेसचा लॉफ्ट क्षणभर वाढल्यामुळे चेंडू उंचही निघतो. रेषेच्या खाली लागलेला चेंडू याच्या उलट, कमी उंच आणि जास्त फिरत जातो. फेसवर काही मिलिमीटर वरखाली झाल्याने मिनिटाला शेकडो फेऱ्यांचा फरक पडतो तो यामुळेच.

आता गुरुत्वमध्याची ही रेषा फेसला नेमकी कुठे भेटते, यावर पुढचे सगळे ठरते. फेस मागे कललेला असल्यामुळे त्याला लंब असलेली रेषा मागून पुढे येताना वर चढते, म्हणून गुरुत्वमध्य जितका मागे तितका ती फेसला वरच्या बाजूला भेटते. १० अंश लॉफ्टच्या ड्रायव्हरमध्ये गुरुत्वमध्य १० मिलिमीटर मागे सरकवला तर हा भेटीचा बिंदू सुमारे पावणेदोन मिलिमीटर वर जातो. बहुतेक ड्रायव्हरांत तो फेसच्या भौमितिक मध्याच्या जरा वरच असतो, त्यामुळे मधोमध मारलेला फटकाही तत्त्वतः रेषेच्या खालीच लागतो व थोडी जादा फिरकी घेतो. कमी फिरकीच्या ड्रायव्हरमध्ये वजन पुढे आणि खाली आणून हा बिंदू मध्याजवळ वा त्याच्याही खाली आणला जातो. वजन पुढे आल्याचा आणखी एक परिणाम आहे. मागे असलेले वजन वेगात बाहेर ओढले जाताना दांडा पुढे वाकवते आणि आघातक्षणी फेसचा लॉफ्ट वाढवते. वजन पुढे असले की हा वाकण्याचा परिणाम घटतो, चेंडू थोडा खालून निघतो आणि फिरकी आणखी उतरते. म्हणूनच अशा ड्रायव्हरवर खेळाडूला बऱ्याचदा नेहमीपेक्षा एक-दीड अंश अधिक लॉफ्ट घ्यावा लागतो. २०१३ मध्ये टेलरमेडने एसएलडीआर हा पुढे वजन असलेला ड्रायव्हर आणताना खेळाडूंना लॉफ्ट वाढवण्याचे आवाहन केले होते, ते भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होते. पण आपण ९ अंशांचा क्लब वापरतो हे सांगण्यात धन्यता मानणाऱ्या खेळाडूला १२ अंशांचा क्लब विकणे कोणत्याही भौतिकशास्त्राला जड जाते.

या सौद्यात द्यावी लागणारी किंमत जडत्व-आघूर्णाच्या रूपाने दिली जाते. हेडला वळायला होणारा विरोध ज्या राशीने मोजतात तिला जडत्व-आघूर्ण म्हणतात, आणि वजन गुरुत्वमध्यापासून जितके दूर, विशेषतः मागच्या कडेला, तितके ते जास्त असते. नियमानुसार उभ्या अक्षाभोवतीची त्याची मर्यादा ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर असून त्यावर १०० ची सवलत आहे. मागे वजन असलेल्या मोठ्या हेडची मॉडेले या मर्यादेच्या जवळ जातात, तर कमी फिरकीची मॉडेले सहसा बरीच खाली राहतात, आणि जीटी४ तर ४३० घन सेंटिमीटरांवर थांबतो. याचा अर्थ असा की टाचेकडे किंवा टोकाकडे लागलेल्या फटक्यात हे हेड जास्त वळते, चेंडूचा वेग जास्त घटतो आणि दिशा जास्त भरकटते. शिवाय ज्या चेंडूची फिरकी आधीच कमी आहे तो फेसच्या वरच्या टोकाजवळ लागला तर फिरकी आणखी घसरून १,५०० च्या आसपास येऊ शकते आणि चेंडू हवेतून कोसळल्यासारखा पडतो. सरासरी फटक्यात मिळालेले दहा यार्ड अशा एका फटक्यात व्याजासह परत जातात.

मग हा ड्रायव्हर नेमका कोणासाठी? यासाठी स्पिनलॉफ्ट ही कल्पना ध्यानात घ्यावी लागते. आघातक्षणी फेसचा प्रत्यक्ष लॉफ्ट आणि क्लब वर किंवा खाली ज्या कोनात येत असतो तो आघातकोन, या दोहोंमधल्या अंतराला स्पिनलॉफ्ट म्हणतात, आणि फिरकी प्रामुख्याने त्यावर व वेगावर ठरते. समजा दोन खेळाडूंचा क्लबचा वेग सारखाच, ताशी १०५ मैल आहे. एकाचा क्लब ३ अंश खाली येत चेंडूला भिडतो आणि आघातक्षणीचा लॉफ्ट १२ अंश आहे, म्हणजे स्पिनलॉफ्ट १५. दुसऱ्याचा क्लब ४ अंश वर जात भिडतो आणि लॉफ्ट १५ अंश आहे, म्हणजे स्पिनलॉफ्ट ११. पहिल्याचा चेंडू ३,००० च्या वर फिरण्याची शक्यता बरीच आहे आणि कमी फिरकीचे हेड त्याला खरा लाभ देऊ शकते. दुसऱ्याचा चेंडू आधीच उंच निघून कमी फिरतो, आणि त्याच्या हातात तेच हेड दिल्यास त्याची लांबी घटेल. दोघांचा हँडिकॅप सारखाच असू शकतो.

पहिल्या खेळाडूनेही क्लब बदलण्याआधी टी उंच करून पाहावी. टी एका बोटाने वाढवली की चेंडू फेसवर वर लागतो आणि क्लब वर जाताना भेटण्याची शक्यता वाढते, म्हणजे फिरकी दोन्ही बाजूंनी कमी होते, आणि यासाठी काही रुपयांची खुंटी पुरते. दांड्याचा प्रभाव लोक समजतात त्यापेक्षा कमी असतो. कडक टोकाचा जड दांडा काही जणांची फिरकी शंभर-दोनशे फेऱ्यांनी उतरवतो, पण त्याचे खरे काम फटका सातत्याने फेसच्या मध्यावर आणणे हे आहे. कमी फिरकीचे हेड सार्थकी लागण्यासाठीची अट हीच आहे की फटक्यांचे ठसे नाण्याएवढ्या जागेत एकत्र असावेत. ठसे फेसभर विखुरलेले असताना असे हेड घेणाऱ्याला त्याचा लाभ क्वचितच मिळतो.

येथवरचे विवेचन जगात कुठेही लागू पडते, पण हवा आणि जमीन प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि पनवेलजवळच्या पळस्पे परिसरातील खेळाडूच्या बाबतीत हा फरक विशेष ठळक आहे. पळस्पे फाट्यावरून एक रस्ता घाट चढून पुण्याकडे जातो आणि दुसरा, मुंबई-गोवा महामार्ग, कोकणात उतरतो. या टापूतील गोल्फर एका बाजूला खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने विकसित केलेल्या मैदानावर किंवा थोडे पुढे जाऊन चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर खेळतो, तर दुसऱ्या बाजूला येरवड्याचे पूना क्लबचे मैदान आणि बावधनजवळचे ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टही त्याला दिवसभरात गाठता येते. यांपैकी पुण्याची दोन्ही मैदाने व्यावसायिक स्पर्धांमुळे परिचित आहेत, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचाच. खारघर जवळजवळ समुद्रसपाटीला, पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. तापमान सारखे धरले तर पुण्याची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते, त्यामुळे रोध कमी होऊन २५० यार्डांचा फटका पाचेक यार्ड पुढे जातो. परंतु हवा विरळ म्हणजे उचलही तितकीच कमी, आणि कमी फिरकीवर तगून असलेल्या चेंडूला ही कमतरता आधी जाणवते. म्हणून पुण्यात अशा ड्रायव्हरवर उड्डाणकोन थोडा वाढवणे श्रेयस्कर ठरते.

उंचीपेक्षाही मोठा फरक पावसाचा आहे. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीन यांमधला कापलेल्या गवताचा पट्टा, इतका भिजलेला असतो की चेंडू पडतो तिथेच रुततो, आणि अनेकदा मैदानाचा स्थानिक नियम म्हणून तो उचलून पुसून पुन्हा ठेवण्याची मुभा द्यावी लागते. कमी फिरकीच्या चेंडूचा निम्मा लाभ तो सपाट कोनाने उतरून पुढे घरंगळतो यात असतो. कडक जमिनीवर हे घरंगळणे वीस-पंचवीस यार्डांचे असू शकते, ओल्या जमिनीवर ते शून्यावर येते. तेव्हा पावसाळ्यात जी लांबी उरते ती केवळ कॅरीची, म्हणजे हवेतल्या अंतराची. कॅरीसाठी २,१०० फेऱ्यांपेक्षा २,६०० फेरे आणि अंशभर अधिक उड्डाणकोन अनेक खेळाडूंना जास्त उपयोगी पडतात. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याच्या सुकलेल्या फेअरवेवर तोच हिशेब उलटतो. दमट हवा जड असते म्हणून पावसाळ्यात चेंडू जात नाही, असे क्लबहाऊसमध्ये सर्रास बोलले जाते, पण पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असल्याने ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवा उलट सुमारे दीड टक्क्याने विरळ असते. पावसात लांबी घटते ती ओल्या जमिनीमुळे, फेसवर साचलेल्या पाण्यामुळे आणि नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे. हा वारा समोरून घ्यावा लागणाऱ्या होलवर कमी फिरकी खरी उपयोगी पडते. तोच वारा पाठीमागून असेल तर चेंडूला उचल कमी मिळते आणि जास्त लॉफ्टचा क्लब पुढे नेतो. एकाच फेरीत या दोन्ही दिशा येत असल्याने एका टोकाला जाऊन केलेली निवड अर्ध्या होलवर तोट्याची ठरते.

निवड करताना मोजणी लाँच मॉनिटरवर, म्हणजे चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी टिपणाऱ्या रडार किंवा कॅमेऱ्याच्या यंत्रावर होते. येथे दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली म्हणजे यंत्र आकडे त्या जागेच्या हवेचे दाखवते आहे की समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेवर आणून दाखवते आहे, कारण पुण्यातील मोजणीत या फरकाने दुकानातले आणि मैदानातले यार्ड जुळत नाहीत. दुसरी म्हणजे चेंडू. सरावाच्या मैदानावरचे झिजलेले चेंडू वेगळे फिरतात, म्हणून स्पर्धेत वापरायचा चेंडूच मोजणीसाठी न्यावा. सर्वोत्तम तीन फटक्यांची सरासरी काढून क्लब निवडण्याची दुकानी पद्धत कमी फिरकीच्या ड्रायव्हरला हमखास अनुकूल असते, कारण या क्लबचे वैभव मध्यावर लागलेल्या फटक्यातच दिसते. पंधरा-वीस फटके मारून त्यांतले सर्वांत वाईट पाच बाजूला काढून त्यांची कॅरी आणि बाजूचे अंतर जुन्या क्लबशी ताडून पाहिले तर चित्र पुष्कळदा बदलते.

बहुतेक नव्या ड्रायव्हरांत हेड आणि दांडा यांच्या जोडावर फिरवता येणारी स्लीव्ह असते आणि तिने लॉफ्ट अंश-दीड अंश कमी-जास्त करता येतो, तर काहींत पुढे-मागे बदलण्याची वजनेही असतात. त्यामुळे कोकण आणि घाटमाथा दोन्हीकडे खेळणाऱ्याला जूनमध्ये लॉफ्ट वाढवून आणि दिवाळीनंतर तो उतरवून एकच हेड दोन्ही ऋतूंत चालवता येते, आणि वेगवान पण खाली मारणाऱ्या खेळाडूसाठी हीच सर्वांत काटकसरीची तोड आहे. मात्र स्लीव्हने लॉफ्ट वाढवला की क्लब जमिनीवर टेकवताना फेस किंचित बंद, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी डावीकडे वळलेला दिसतो, त्यामुळे बदलानंतर दिशेची मोजणी पुन्हा घ्यावी लागते. आणि गोल्फच्या नियम ४.१ नुसार फेरी सुरू झाल्यावर हे समायोजन मुद्दाम बदलून त्या क्लबने फटका मारता येत नसल्यामुळे, सकाळी कोरडी असलेली खारघरची जमीन दुपारी भिजणार आहे का, याचा अंदाज पहिल्या टीवर जाण्याआधीच बांधावा लागतो.